शेवट आधी सांगू नका

प्रश्न : मी भारतीय वंशाची; न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये यंदापासून अकरावीला अमेरिकेचा आधुनिक इतिहास शिकवते. वर्गात २७ मुलं आहेत. मार्च उजाडला तरी मी दुसऱ्या महायुद्धातच आहे. व्हिएतनाम, वॉटरगेट कधी होणार? मुलं सनावळ्या उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. त्यात परवा एका मुलाने भर वर्गात विचारलं, "आमचा इतिहास तुम्ही का शिकवता?" मला उत्तर सुचलं नाही. काय करू?
— एक शिक्षिका, न्यू जर्सी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ओहायोत २२ वर्षं मी हाच विषय याच वयाच्या मुलांना शिकवते आहे. पहिली तीन वर्षं माझाही पोर्शन जूनपर्यंत जेमतेम केनेडींच्या हत्येपर्यंत यायचा आणि पुढची चाळीसेक वर्षं चार तासांत उरकावी लागायची. म्हणून आधी पोर्शनचं बोलते. तो पुरा होणार नाही, हे आजच मान्य करा. राष्ट्राध्यक्षांची यादी छापून वाटा आणि फळ्यावर लिहिणं सोडा. मी कोरियाचं युद्ध एका तासात संपवते. त्या युद्धावर हा अन्याय आहे हे मला कळतं, पण ते वाचलेले तास मला दुसरीकडे हवे असतात.

सनावळ्या डोक्यात राहत नाहीत याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आपण मुलांना शेवट आधीच सांगून ठेवलेला असतो. युद्ध हरलं, कायदा झाला, निक्सन गेले. सगळं ठरून गेलेलं असेल तर सोळा वर्षांच्या मुलाने त्यात डोकं का घालावं? त्या दिवशी, त्या माणसांना जेवढं माहीत होतं तेवढंच मुलांना द्या आणि ठरवायला सांगा. पुढचं दुसऱ्या दिवशी.

मी व्हिएतनामची सुरुवात १ डिसेंबर १९६९ च्या रात्रीपासून करते. वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या होत्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्या मुलांपैकी सैन्यात आधी कोणाला न्यायचं, हे त्या सोडतीवर ठरणार होतं आणि घरोघरी लोक टीव्हीसमोर बसून पाहत होते. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर.

मूळ यादी सहज मिळते. मुलं यायच्या आधी मी प्रत्येकाच्या बाकावर एक चिठ्ठी पालथी ठेवते. त्यावर त्याच्या वाढदिवसाला त्या रात्री मिळालेला क्रमांक असतो. तेव्हा सोडत फक्त मुलग्यांची होती, पण चिठ्ठी मी मुलींनाही देते. एका वर्षी दोन जिवलग मित्र शेजारी शेजारी बसले होते. एकाचा वाढदिवस २४ एप्रिल, क्रमांक २. दुसऱ्याचा ८ जून, क्रमांक ३६६, म्हणजे सगळ्यात शेवटचा. शेवटचावाला आधी ओरडला, मग मित्राची चिठ्ठी पाहून गप्प झाला. त्याने मला विचारलं, "मिस, कितव्या नंबरपर्यंत बोलावलं?" मी सांगितलं नाही. त्या रात्री ते कोणालाच माहीत नव्हतं. १२० वाल्याने काय करायचं, १९० वाल्याने काय करायचं, एवढंच घरी लिहून आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी १९५ हा आकडा फळ्यावर लिहिला. वर्गाचे दोन तुकडे पडले, आणि त्यानंतर कॉलेजात असलेल्यांना मिळणारी सवलत समजावताना मला आवाज चढवावा लागला नाही. कॉलेजची फी कोणाला परवडत होती, हे मुलांनीच विचारलं. शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना मी तेव्हापासून एका तासाला बोलावते. कुप्या महिन्यांच्या क्रमाने टाकल्या गेल्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांना लहान क्रमांक जास्त आले. आलेख काढला की ते दिसतं. डिसेंबरात जन्मलेली मुलं तो कागद बराच वेळ हातात धरून बसतात.

मग मागे जायचं, ऑगस्ट १९६४ मध्ये. टोंकिनच्या आखातात २ तारखेला 'मॅडॉक्स' या अमेरिकी युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. ४ तारखेला पुन्हा हल्ला झाल्याच्या बातम्या आल्या आणि त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सन टीव्हीवर आले. संसदेसमोर जेवढं आलं होतं तेवढंच मी मुलांना देते आणि राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरू द्यायचं का, यावर मत घेते. बहुतेक हात वर होतात. मग मी ७ ऑगस्टचे खरे आकडे सांगते : प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मुलांना बरं वाटतं, आपण बरोबर होतो असं वाटतं. तेव्हा मी आखातातल्या अमेरिकी युद्धनौकांचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांची तार वाटते. ती ४ तारखेचीच आहे. खराब हवामानामुळे रडारवर भलतंच दिसलं असावं, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावरच्या माणसांनीही उत्साहाच्या भरात चुकीचं ऐकलं असावं, सगळं नीट तपासून पाहावं, असा तिचा आशय. गेल्या वर्षी एक मुलगी ताडकन उभी राहिली. "हे आम्हाला आधी का नाही दाखवलंत?" १९६८ मध्ये सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीने सरकारला जवळजवळ हेच विचारलं होतं. त्या तासाला मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

पालकांच्या तक्रारी येतील, विशेषतः वर्णभेदाच्या धड्यांवर. काही राज्यांत आता त्याबद्दल कायदेही आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा नियम वाचून ठेवा. माझं मत मी वर्गात सांगत नाही आणि कागद लपवत नाही. तक्रार घेऊन आलेल्या पालकांच्या हातात मी तेच कागद ठेवते.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्याच्यावर रागावू नका, प्रश्न चांगला आहे, आणि 'आमचा' म्हणजे नक्की कोणाचा, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही विचारलेलं आहे. तेव्हा कायद्याने मुक्त 'गोरी' व्यक्ती किंवा आफ्रिकी वंशाची व्यक्तीच अर्ज करून नागरिक होऊ शकत असे. नोव्हेंबर १९२२ मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या ताकाओ ओझावा या जपानी माणसाला कोर्टाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तू तो नाहीस. जेमतेम तीन महिन्यांनी त्याच मागणीसाठी त्याच कोर्टासमोर भगतसिंग थिंद उभे राहिले. पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले. तेव्हाच्या मानववंशशास्त्रानुसार ते कॉकेशियनच होते. मग त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्र काय म्हणतं ते महत्त्वाचं नाही, सामान्य माणूस 'गोरा' कोणाला म्हणतो ते पाहायचं. त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला १९४६ मध्ये, तोही वर्षाला १०० जणांच्या प्रवेशासह. देशवार कोटा मोडला तो १९६५ च्या कायद्याने. जॉन्सन यांनी त्यावर ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी सही केली, आणि तुमच्या-माझ्या घरची माणसं इथे येऊ शकली ती त्यानंतर.

हे तुम्ही त्याला भाषण म्हणून ऐकवू नका. दोन्ही निकालांतला एकेक उतारा घ्या, एकाच कागदावर शेजारी शेजारी छापा. वर नावं लिहू नका, तारखा तेवढ्या ठेवा. मोठ्याने वाचायला त्याच मुलाला सांगा, आणि वाचून झाल्यावर त्याला विचारा, या न्यायमूर्तींनी तीन महिन्यांत मत का बदललं असेल?