संशोधकांची प्रश्नोत्तरे : आकड्यांची हद्द, व्याख्या आणि माणसे

प्रश्न : सोलापूर शहराच्या वाढीवर मी प्रबंध लिहीत आहे. जनगणनेनुसार 1991 ते 2001 या दशकात शहराची लोकसंख्या सुमारे 44 टक्क्यांनी वाढली, तर पुढील दशकात केवळ 9 टक्क्यांनी. गिरण्या बंद पडल्यामुळे लोक शहर सोडून गेले, असा निष्कर्ष यावरून काढता येईल का?

उत्तर : एवढ्यावरून काढता येणार नाही. आपली टक्केवारी बरोबर आहे : 1991 मध्ये सुमारे 6 लाख 4 हजार, 2001 मध्ये 8 लाख 72 हजार आणि 2011 मध्ये 9 लाख 51 हजार अशी नोंद आहे. परंतु मधल्या काळात, 1992 मध्ये, महापालिकेची हद्दवाढ झाली आणि बाळे, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव यांसारखी भोवतालची गावे शहरात आली. त्या गावांतील माणसे आपापल्या घरीच होती. तरीही 1991 मध्ये गावकरी म्हणून मोजली गेलेली कुटुंबे 2001 मध्ये शहरवासी म्हणून मोजली गेली. 44 टक्क्यांमधील काही भाग असा केवळ सीमारेषा सरकल्यामुळे आलेला आहे, आणि त्यामुळेच त्यापुढचे 9 टक्के आपल्याला एकदम कोसळल्यासारखे दिसतात.

यावर उपाय आहे, मात्र तो कष्टाचा आहे. 1991 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय लोकसंख्या मिळते. हद्दवाढीच्या अधिसूचनेतील गावांची यादी तिच्याशी जुळवावी, त्या गावांची बेरीज 1991 च्या शहरात मिळवावी आणि मगच दशकवाढीचा दर काढावा. एखाद्या गावाचा काही भागच शहरात आला असेल, तर आपण तो कसा धरला हे तळटीपेत स्पष्ट लिहावे. शहर सोडून जाण्याचा मुद्दा त्यानंतरही शिल्लक राहतो, कारण एकूण लोकसंख्येत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर ही तिन्ही एकत्र मिसळलेली असतात. त्यासाठी जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते स्वतंत्रपणे पाहावे लागतील. मूळ प्रश्न चांगला आहे, तो सोडू नये.

प्रश्न : सोलापुरातील यंत्रमाग कामगारांची अधिकृत संख्या हवी आहे. हातमाग गणनेतील आकडा वापरला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. 2019-20 ची चौथी अखिल भारतीय गणना हातमागाची आहे. यंत्रमाग तिच्या कक्षेबाहेर आहेत. उद्योगांच्या वार्षिक पाहणीकडे वळाल, तर तिचा मुख्य आधार कारखानेविषयक कायद्याखाली नोंदलेले, म्हणजे साधारणतः ठरावीक किमान संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, हा आहे. चार-सहा मागांच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत काम करणारे मोजके कामगार त्यात बहुधा येतच नाहीत. असंघटित क्षेत्राच्या नमुना पाहण्या त्यांना गाठतात, पण 2024 पर्यंत त्यांचा नमुना राज्यपातळीवरील अंदाजांसाठी रचलेला असे. त्यातील सोलापूरच्या मोजक्या नोंदी वेगळ्या काढून जिल्ह्याचा आकडा सांगणे शास्त्राला धरून नाही. अशा वेळी कोणता स्रोत कोणाला वगळतो हे प्रबंधात सविस्तर मांडावे आणि स्वतःची मर्यादित पाहणी करावी. प्रश्नावली मराठीबरोबर तेलुगूतही असावी, कारण शहराच्या पूर्व भागातील अनेक विणकर कुटुंबांची घरची भाषा तीच आहे आणि मजुरीचा प्रश्न घरच्या भाषेत विचारला की उत्तर अधिक नेमके मिळते.

प्रश्न : एका संकेतस्थळावर जिल्ह्याच्या साक्षरतेचा आकडा मिळाला, स्रोत दिलेला नाही. वापरू का?

उत्तर : नाही. साक्षरतेचा दर जनगणना 7 वर्षे व त्यावरील सर्वांसाठी काढते, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुख्यतः 15 ते 49 वयोगटासाठी आणि वेगळ्या कसोटीने काढते. आकडा यांपैकी कोणाचा हेच ठाऊक नसेल, तर त्याची तुलना कशाशीही करता येत नाही.

प्रश्न : विडी कामगार महिलांच्या मुलाखतींची सारणी इतर संशोधकांना खुली करायची आहे. नावे काढून टाकली आहेत. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. वसाहतीचे नाव, वय, वैधव्य, मुलांची संख्या आणि विडी कारखान्याचे नाव एका ओळीत आले, की शेजारीण ती ओळ वाचून बाई ओळखेल. आणि त्याच ओळीत मजुरीतील कपातीची तक्रार असेल, तर त्या बाईचे काम जाऊ शकते. वयाऐवजी वयोगट द्यावा, वसाहतीऐवजी शहराचा भाग, आणि कारखान्याचे नाव पूर्ण गाळावे. एखाद्या गटात दोन-तीनच बायका उरत असतील, तर तो गट शेजारच्या गटात मिळवावा. मुलाखत घेताना आपण संमती कशासाठी घेतली होती, तेही तपासावे. ती केवळ आपल्या प्रबंधापुरती असेल, तर सारणी खुली करण्यापूर्वी त्या महिलांकडे पुन्हा जाऊन विचारणे भाग आहे, आणि ज्या नकार देतील त्यांच्या ओळी काढून टाकाव्यात.