'माझ्या हातून पडला' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

प्रिय ताई,
मी सांगोल्याची. पुण्यात स्पॅनिश शिकले, बी-वन ही मधली पातळी झाली आणि सप्टेंबरपासून वर्षभराच्या कोर्ससाठी स्पेनमध्ये, ग्रानादाला आले आहे. वर्गात मी पुढे असते, पण बाहेर पडलं की मुकी होते. लोक काय बोलतात तेच कळत नाही. दोन स्पॅनिश मुलींबरोबर राहते. परवा त्यांतल्या एकीचा कप माझ्या हातून पडून फुटला. 'हातून पडला' हे सांगताच येईना. 'मी तुझा कप फोडला' एवढंच बोलले आणि खोलीत जाऊन रडले. घरी माझी बडबड थांबत नसे, इथे मी मंद वाटते. रोज संध्याकाळी दोन तास आईशी बोलते आणि सगळं मस्त चाललंय म्हणून सांगते. परत यावं का?
— एक वाचक

अगं पोरी,

आधी कपाचं बघू. तुला हवं होतं ते वाक्य असं आहे : 'से मे आ काईदो'. शब्दशः बघितलंस तर त्यात 'मी पाडला' नाहीच. तो पडला, आणि माझ्या बाबतीत पडला. म्हणजे आपलं 'माझ्या हातून पडला'च. विसरलीस तर 'से मे आ ओल्विदादो', मोडलं तर 'से मे आ रोतो'. तू वाक्य आधी इंग्रजीत जुळवलंस, म्हणून 'मी फोडला' निघालं. मराठीतून गेली असतीस तर वाट जवळची होती. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे 'माझं डोकं दुखतंय'. पुण्यात इतकी वर्षं स्पॅनिश शिकवताना मी हेच पाहत आलेय. मराठी मुलं आपली भाषा घरी ठेवून वर्गात येतात आणि मग इंग्रजीच्या कुबड्यांवर चालत राहतात.

लोकांचं बोलणं कळत नाही, यात तुझा दोष नाही. अंदालुसियात, म्हणजे तुझ्या त्या दक्षिणेकडच्या प्रांतात, शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. 'मास ओ मेनोस'चं 'मा ओ मेनो' होतं. मधला 'द'ही जातो, 'कान्सादो'चं 'कान्साओ' होतं. ग्रानादाकडे तर 'स' गेला की मागे राहिलेला स्वर जरा मोकळा उच्चारतात, आणि एक की अनेक हे त्या स्वरावरून ओळखायचं असतं. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणच्या मासळीबाजारात उभं केलं तर त्याचं काय होईल? तेच तुझं झालंय. कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोही माणसांत बसूनच.

पण तुझं खरं दुखणं 'मंद वाटते' या दोन शब्दांत आहे असं मला वाटतं. मराठीत तू हजरजबाबी आहेस, चेष्टा करणारी, पटकन उत्तर देणारी. ती मुलगी स्पॅनिशमध्ये अजून आलेलीच नाही, आणि तू तिच्यासाठी रडतेयस. मी सालामांकाला होते तेव्हा पहिला हिवाळा नुसती सुपरमार्केटमध्ये जायचे, कारण तिथे तोंड उघडावं लागत नाही. टोपली भरायची, पैसे द्यायचे, घरी. तीन महिन्यांत एका माणसाला माझं नाव माहीत नव्हतं.

मग एकदा मंडईत गेले. तिथे भाजीच्या गाळ्यापुढे रांग दिसत नाही, बायका कशाही उभ्या असतात. आपण जाऊन विचारायचं, 'क्येन एस एल उल्तिमो?' शेवटचं कोण आहे? कोणीतरी 'यो' म्हणतं. त्या माणसाचं झालं की आपला नंबर. चार शब्दांचा प्रश्न, पण त्याला उत्तर मिळतंच, आणि उत्तर देणारी बाई मग सहज विचारते, कुठची गं तू? मी एकाच गाळ्यावर जात राहिले. पहिले काही दिवस टोमॅटो आणि कांदे. पुढे तो भाजीवालाच काबुली चणे कसे शिजवतेस म्हणून विचारायला लागला.

तुझ्याकडे कॅथेड्रलजवळ सान आगुस्तीनची मंडई आहे. एक गाळा धर. शाकाहारी असशील तर तिथेच आणि बारमध्येही नीट सांगायला शीक : 'नो कोमो कार्ने नी पेस्कादो', म्हणजे मी मांस खात नाही आणि मासेही नाही. नुसतं 'मांस नको' म्हटलंस तर सॅलडवर ट्यूना येतो, कारण मासा म्हणजे मांस असं त्यांच्या डोक्यात येत नाही.

आता आईचा फोन. तो बंद कर असं मी म्हणणार नाही, वेळ बदल. संध्याकाळी पाच-साडेपाचला दुकानं पुन्हा उघडतात, गाव रस्त्यावर येतं, आणि नेमकी तेव्हा तू खोलीत स्क्रीनपुढे असतेस. दुपारी दोन ते पाच मात्र सगळं सामसूम असतं. तीनला फोन लाव. सध्या साडेचार तासांचा फरक आहे, म्हणजे सांगोल्यात साडेसात, देवापुढे दिवा लावून आई नुकती बसलेली असेल. मार्चअखेर स्पेनमधली घड्याळं पुढे गेली की तिच्याकडे साडेसहा वाजलेले असतील. दोन तास नको, अर्धा पुरे. आणि 'सगळं मस्त' सोड. कप फुटला, मी रडले, हे तिला सांग. रोज खोटं बोलून तुला जास्त एकटं वाटतंय, हे तुझ्या पत्रात ओळीओळीला दिसतं.

परत यायचं का, हे जूनमध्ये ठरव. तिथल्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवून, बोटांचे ठसे देऊन राहण्याचं कार्ड काढणारी मुलगी मुकी नसते. ते सगळं तू केलंसच ना?

रात्री दहाला त्या दोघी जेवायला बसतात, तेव्हा आपली आठलाच जेवून खोलीत जाऊ नकोस. थोडी भूक राखून बस त्यांच्याबरोबर. अर्धं कळणार नाही, तरी बस.

आणि उद्या एक नवा कप आण. ग्रानादाची फाखालाउथा म्हणतात ती जुनी मातीची भांडी असतात, पांढऱ्यावर निळी-हिरवी नक्षी, आणि नक्षीत बहुतेक वेळा डाळिंब. ग्रानादा या शब्दाचा अर्थच डाळिंब, हे तुला ठाऊक असेल. सांगोल्यात डाळिंबाच्या बागा केवढ्या आहेत हे त्या मुलीला ठाऊक नसेल. तिचं दार वाजव, कप दे, 'से मे आ काईदो' म्हण, आणि मग बागांचं सांग.

तुझी,
ताई