लॅब बंद, स्टोअरची जागा: हो म्हणायचं की राजीनामा द्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कारखान्यात लॅबमध्ये 11 वर्षं 8 महिने नोकरी. आता लॅब बंद होतेय. मालकांच्याच मांजुसरच्या दुसऱ्या कंपनीत स्टोअरची जागा देतायत, पगार कमी, आणि एचआर म्हणतं, "शुक्रवारपर्यंत हो म्हणा, नाहीतर राजीनामा द्या."

हो की नाही ते पुढे बघू. राजीनामा मात्र लिहून देऊ नका. माझी उमर कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात गेलीय. तो कागद गुजरातीत तयारच असतो, 'हुं मारी राजीखुशीथी' अशी सुरुवात, खाली तारखेची जागा मोकळी. सही झाली की कागदोपत्री ती छाटणी राहत नाही. नंतर 'दबावाखाली सही केली' म्हणता येतं, पण ते सिद्ध करता करता माणूस थकतो.

आकड्यात सांगतो. कायद्याच्या व्याख्येतलं तुमचं वेतन महिना 26,000 धरू. छाटणी झाली तर दर वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन मिळतं, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे 13,000 गुणिले 12, एकूण 1,56,000. एक महिन्याची नोटीस किंवा तिचे 26,000. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता (नवा कामगार कायदा) लागू झालीय, तिच्यातल्या पुनर्कौशल्य निधीतून (काढलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या) 15 दिवसांचं वेतन, 13,000. हे 1,95,000 रुपये राजीनाम्याच्या एका सहीने जातात. ग्रॅच्युइटी, याच वेतनावर 1,80,000, राजीनामा असो वा छाटणी, मिळतेच. म्हणून 'राजीनामा द्या, ग्रॅच्युइटी लगेच काढून देतो' यात कंपनी उपकार करत नाहीये.

कारखान्यात 300 किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. हजेरीपटावर किती नावं आहेत ते बघून ठेवा.

ग्रॅच्युइटी सोडून हे सगळं 'कामगार' असेल त्यालाच. तुमच्या कार्डावर 'ऑफिसर' छापलंय म्हणून घाबरू नका, हुद्द्यापेक्षा काम काय करता ते बघतात. नमुने तपासून रिपोर्ट लिहीत असाल तर तुम्ही कामगार. हाताखालच्या माणसांवर देखरेख हेच मुख्य काम आणि वेतन 18,000 च्या वर असेल तर मात्र बाहेर. मग नेमणूकपत्रातल्या अटींवरच भांडावं लागतं.

आता मांजुसर. पर्यायी जागा नाकारली तर भरपाई बुडते, असं एचआर सांगेल. तो नियम आहे, पण ले-ऑफचा: काम तात्पुरतं थांबलेलं असताना त्याच मालकाच्या, त्याच गावातल्या किंवा आठ किलोमीटरच्या आतल्या जागी, तेवढ्याच वेतनावर, खास कौशल्य न लागणारं काम नाकारलं तर ले-ऑफची भरपाई मिळत नाही. छाटणीच्या कलमात अशी अट नाही. आणि मकरपुऱ्याहून मांजुसर आठ किलोमीटरवर कुठलं!

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'नवी जागा चार आठवडे करून बघायचा हक्क' ब्रिटनच्या 1996 च्या कायद्यातला आहे. लेस्टरला राहणारे भाचे-पुतणे मायेने पाठवतात, पण वडोदऱ्यात तो चालत नाही. तिथेही योग्य जागा विनाकारण नाकारली तर भरपाई जाते, हे ते पाठवत नाहीत.

खरा धोका मला 'दुसऱ्या कंपनीत' या शब्दांत दिसतो. शेठ एकच असले तरी कंपनी कायद्याने वेगळी. नेमणूकपत्रात बदलीची अट असेल तर त्याच कंपनीतली बदली नाकारणं गैरवर्तन ठरू शकतं, पण वेगळ्या मालकाकडे तुमच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. संमती दिलीत आणि नवीन नेमणूकपत्र घेतलंत, तर सेवा शून्यापासून मोजायला लागतात. पीएफ यूएएनमुळे (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकामुळे) मागोमाग येतो, सेवेची वर्षं तशी येत नाहीत. तेव्हा जायचंच असेल तर 'आधीची सेवा सलग धरली जाईल, ग्रॅच्युइटी व छाटणी भरपाईसाठीसुद्धा' हे वाक्य त्या पत्रात हवं. हे वाक्य आणि पगार दोन्ही मिळाले तर माझ्या मते जावं. आजच्या बाजारात स्टोअरचा अनुभव वाईट नाही. वाक्य मिळत नसेल तर आधी जुना हिशोब छाटणी म्हणून चुकता करून घ्या.

शुक्रवारच्या आत एक ईमेल टाका, मराठी-गुजराती-हिंदी कशातही: 'मी कामावर हजर आहे. राजीनामा देण्याचा माझा विचार नाही. देऊ केलेल्या जागेचं काम, वेतन, कंपनीचं नाव आणि सलग सेवेबद्दल लेखी कळवावे, म्हणजे उत्तर देईन.' आणि रोज पंच करत राहा. 'घरी बसा, कळवतो' म्हणाले तर तेही लेखी मागा, नाहीतर उद्या गैरहजर दाखवतील.

आणखी एक विचारा: लॅबमधले तुमच्यानंतर लागलेले कोणी त्याच कारखान्यात त्याच वर्गाच्या कामावर राहतायत का? सहसा शेवटी आलेला आधी जातो. क्रम मोडला तर मालकाला कारण नोंदवावं लागतं.

दाद मागायची वेळ आली तर पहिला अर्ज कामगार खात्यातल्या समेट अधिकाऱ्याकडे. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, छाटणीपासून दोन वर्षांच्या आत. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा आणि वरच्या ईमेलची प्रत न्या. स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर असतील तर आजच उतरवून घ्या, लॉगिन सगळ्यात आधी बंद करतात.