काव्यवाचन की अभिवाचन?

प्रश्न असा आहे: चार मंडळी जमून आपापल्या आवडत्या कविता मोठ्याने वाचतात, त्याला काव्यवाचन म्हणावे, अभिवाचन की सादरीकरण?

काव्यवाचन. 'सादरीकरण' हल्ली हिशेबाच्या तक्त्यापासून नाचापर्यंत कशालाही चालते, ते तिकडेच राहू द्या. आणि 'आता मी एक कविता बोलतो' हे कृपा करून थांबवा. कविता पाठ असेल तर म्हणायची, कागद हातात असेल तर वाचायची.

'अभिवाचन'वाल्यांचा दावा असा की, नुसते वाचन मनातल्या मनात होते, श्रोत्यांपुढचे ते अभिवाचन. हे साफ उलटे आहे. संस्कृतात वच् हा धातू म्हणजे बोलणे, त्याचे प्रयोजक रूप वाचयति म्हणजे बोलायला लावतो. अक्षरांना बोलते करणे ते वाचन! आवाज धातूतच आहे. म्हणून तर बिनआवाजी वाचनाला भाषेने वेगळे विशेषण जोडले: मूकवाचन.

यावर काही व्याकरणकार चुरादिगण पुढे करतात, म्हणजे धातूंचा दहावा गट, जिथे प्रयोजक अर्थ नसतानाही '-अयति' लागते. तिथेही 'वच परिभाषणे' आहे, तेव्हा वाचयति म्हणजे नुसतेच 'बोलतो', प्रयोजक कशाला मानायचा, असे त्यांचे म्हणणे. मग पुण्याहवाचनाचे काय करणार? यजमान विनंती करतो, 'पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु', आणि ब्राह्मण म्हणतात, 'पुण्याहम्'. दिवस पुण्याचा आहे हे यजमान दुसऱ्यांच्या तोंडून वदवून घेतो, म्हणून ते वाचन. स्वस्तिवाचन तसेच: 'ब्राह्मणान् स्वस्ति वाचयित्वा', ब्राह्मणांकडून स्वस्ति म्हणवून. इथे प्रयोजक नाकारला तर 'ब्राह्मणान्' या द्वितीयेला अर्थच उरत नाही. धातुपाठाचे बोट धरून चालणाऱ्यांनी प्रयोगाकडेही पाहावे.

काव्यवाचनात वाचणारा यजमान आणि बोलणारी कविता, असे मी मानतो. ती बोलते की नाही, हे थांबण्याच्या जागेवर ठरते. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवूनिया' हा 'मोठा अभंग' या छंदातला. चरणांची अक्षरे ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी, विटेवरी–कटावरी. पण छापताना दोन-दोन चरणांची ओळ करतात, त्यामुळे 'कटावरी' दुसऱ्या ओळीच्या पोटात जाते. ओळ संपेल तिथेच थांबणारा वाचक 'कर कटावरी ठेवूनिया' एका दमात म्हणून टाकतो आणि यमक कानाला लागतच नाही. 'कटावरी'नंतर अर्धा श्वास थांबा, मग चार अक्षरांचे 'ठेवूनिया' सावकाश खाली उतरू द्या. अक्षरगणवृत्तात हीच काळजी यतीची, म्हणजे चरणातल्या ठरलेल्या थांब्याची: शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरे, यती बाराव्यावर, मंदाक्रांतेत १७, थांबे चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. आदल्या दिवशी पेन्सिलीने त्या जागी उभी रेघ मारून ठेवा. मुक्तछंदात उलट कवीने तोडलेली ओळ हाच थांबा, तिथे वाक्य पुरे करायची घाई करू नये.

कविता दुसऱ्याची असेल तर कवीचे नाव आधी सांगा.