कॉफीच्या सालींचा चहा कसा करायचा? तो कॉफीसारखा लागतो का? चिकमगळूरच्या ओळखीच्या मळ्यातून साली फुकट मिळतात, त्या चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते महत्त्वाचं आहे. खाण्यासाठी म्हणून वेगळ्या वाळवलेल्या नसतील, तर आणू नका. मळ्यात पिकलेली फळं यंत्रातून सोलली की ओल्या सालींचा ढीग पडतो आणि काही तासांतच आंबायला लागतो. त्याचं पुढे खतच होतं. फळ अख्खं वाळवून नंतर फोडलं, तर त्याचं टरफल बहुधा जळणाला जातं. त्यावर बुरशी आहे का, फवारणी कधी झाली, हे कुणी बघत नाही, कारण ते कुणी पिणार आहे असं कुणाच्या मनातच नसतं. पिण्याच्या साली त्याच दिवशी धुऊन, पातळ पसरून, सारख्या हलवत वाळवाव्या लागतात. ही मेहनत करणाऱ्याकडूनच घ्या, पैसे पडले तरी. कुबट वास आला, तर उकळून बघण्याचाही मोह नको.

चव कॉफीसारखी नसते. आपण भाजून दळतो ते फळातलं बी. हा चहा बाहेरच्या साल-गराचा. म्हणून मनुका, चिंच, जरासा मध अशी फळाची चव येते. कॉफीचा कडूपणा भाजण्यातून येतो आणि या साली बहुतेक वेळा भाजतच नाहीत.

हे पेय ‘कास्कारा’ नावाने कॅफेंमध्ये अलीकडे दिसायला लागलं, पण येमेनमध्ये ते शतकानुशतकं घरोघरी आहे. तिथे त्याला ‘किशर’ म्हणतात. बी मोखा बंदरातून परदेशी जायचं, त्याचे पैसे यायचे. साली घरी राहायच्या. कार्स्टन नीबुर हा प्रवासी १७६३ मध्ये येमेनमध्ये होता. त्याने लिहून ठेवलंय की कॉफीच्या या देशात लोक बियांची कॉफी कमीच पितात, तिने रक्त तापतं असं मानतात आणि सालींचं पेय पसंत करतात. (हाच नीबुर त्याच वर्षी पुढे मुंबईला आला आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाटनं केली. मला ही जोड फार आवडते.)

आता कृती. मला विचाराल तर येमेनी पद्धतच करा. आपल्याला ती परकी वाटणार नाही. दोन कप पाण्यात दोन मोठे चमचे साली, सुंठ किंवा ठेचलेलं आलं आणि चवीपुरती साखर घाला. उकळी वर आली की भांडं उतरवा, खाली बसू द्या, पुन्हा चढवा. असं दोन-तीनदा करून गाळा. कुणी दालचिनी घालतं, कुणी वेलदोडा. येमेनी सालीत बियांवरचं कडक टरफलही मिसळलेलं असतं, त्यामुळे ती काहीशी लाकडी लागते आणि आल्याशिवाय अपुरी वाटते. कास्कारा म्हणून मिळते ती नुसती साल आणि गर. ती चांगल्या प्रतीची असेल तर आधी मसाल्याशिवाय प्या: उकळतं पाणी ओतून चार-पाच मिनिटं झाकून ठेवायचं, बस. उरलेला फ्रिजमध्ये गार करून लिंबू पिळला तर उन्हाळ्यात फार छान लागतो. दूध मात्र नको. त्यातली आंबटगोड चव दुधाखाली मरते.

पाकिटांवर आरोग्याचे मोठमोठे दावे असतात. त्यांच्यावर जाऊ नका, आवडला तर प्या. कॅफीन यात कॉफीपेक्षा बरंच कमी असतं, पण असतं. घरात कुणाला डॉक्टरांनी कॅफीन मोजून घ्यायला सांगितलं असेल, गरोदरपणात विशेषतः, तर हा कपही हिशेबात धरा. झोप हलकी असेल तर संध्याकाळनंतर घेऊ नका.