वाचक विचारतात : दार उघडलं, आता पुढे?

प्रश्न : उपवास-प्रार्थनेत मी रडून प्रभूला हृदय दिलं. पंधरा दिवस मन हलकं होतं, आता सगळं कोरडं वाटतं. प्रभू आत आलाच नाही का?
– एक भगिनी, मोहननगर

उत्तर : ताई, ‘मी दाराशी उभा आहे व ठोकीत आहे’ हे प्रकटीकरण 3:20 आपण नेहमी नव्या माणसाला ऐकवतो. पण ते लिहिलंय लावदिकीयाच्या मंडळीला, विश्वासात येऊन कोमट झालेल्यांना. तेव्हा दार पुन्हा पुन्हा उघडावं लागतं. पुढचे शब्द जेवणाचे आहेत. पाहुण्याला उंबऱ्यावर ताटकळत ठेवून जेवण होत नाही, त्याला स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्यावं लागतं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात खडकाळ जागचं बी सर्वांत आधी उगवतं आणि उन्हात करपतं, कारण खाली माती नसते. तुमचं रडणं खरं होतं, पण तो कोंब होता. मूळ रोजच्या वाचनानं उतरतं. मार्कचे 16 अध्याय आहेत. रोज अर्धा वाचला तर महिन्याभरात पुस्तक होतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारे पुष्कळजण तिसऱ्या, लेवीयच्या यज्ञविधींत अडकतात. मोठ्यानं वाचा, मनाला लागलेल्या ओळीजवळ तारीख घाला, मग प्रार्थना करा. मोबाइलवर वाचू नका, बोट मेसेजकडे वळतंच.

आणि कबुली नाव घेऊन द्या. ‘माझी सगळी पापं क्षमा कर’ एवढ्यावर सुटू नका. ‘काल जावेशी खोटं बोलले’ असं म्हणा, आणि जमलं तर त्याच दिवशी जावेकडे जा. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला सांगतो. ही पायरी फार लोक गाळतात, आणि आमच्या मते कोरडेपणा बरेचदा तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : माझा संत्र्यांचा ठोक व्यापार आहे. प्रभूसाठी जगायचं तर धंदा सोडून सेवेत यावं का?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : प्रभूनं मत्तयाला जकातीच्या नाक्यावरून उठवलं, पण जक्कय या श्रीमंत जकातदाराला तसं सांगितल्याचं लूक 19 मध्ये कुठेच नाही. जक्कय आपणहून उभा राहिला : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. आपणहून कबूल करणाऱ्याला गणना 5:7 प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढं पुरत होतं. चौपट ही चोरलेलं मेंढरू कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची शिक्षा, निर्गम 22:1. त्यानं स्वतःला ती लावून घेतली.

तुम्ही पेटीपासून सुरू करा. वर मोठी फळं आणि तळाला बारीक, अशी पेटी भरत असाल तर येत्या आंबिया बहारात वरपासून तळापर्यंत एकच प्रत ठेवा. त्यानं किती पैसे कमी सुटतील याचा हिशोब आधीच मांडून भागीदाराला आणि पेटी भरणाऱ्या मजुरांना सांगा. नाही तर गर्दीच्या दिवशी हात जुन्या सवयीनं चालतात. ज्यांना खराब माल गेला त्यांना फरक आणि वर पाचवा हिस्सा द्या. जे सापडत नाहीत त्यांच्या वाट्याचं गरिबाला द्या. हे करूनही सेवेची ओढ वर्षभर टिकली तर पाळकांशी बोला. ‘जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ अशा अर्थाचं कलस्सै 3:23 तर गुलामांना लिहिलंय, त्यांना काम निवडायची सोयच नव्हती.

प्रश्न : मी बाप्तिस्म्याला तयार आहे, पण पत्नीला पटत नाही. थांबू का?
– एक वाचक, सदर

उत्तर : घाई नको, आणि लपवाछपवी तर नकोच. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचून ते त्यात गुंतले, आणि बाप्तिस्मा घेतला 10 फेब्रुवारी 1895 रोजी, मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो धक्का फार जड गेला, त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा काही वर्षांनी झाला. तुम्ही पत्नीला तारीख ठरण्याआधी सांगा, पाळकांना घरी बोलवा, तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या. ती बोलत असताना मध्ये वचनं सांगू नका.