एच३एन२ म्हणजे स्वाइन फ्लू का?

तुमच्या सासऱ्यांच्या रिपोर्टवर ‘इन्फ्लुएंझा ए, एच३एन२’ आलंय, शेजारी त्याला स्वाइन फ्लू म्हणतायत, आणि गेल्या वर्षी लस घेऊनही हे झालंच कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, पण मिरजेत लॅबमध्ये वीसेक वर्षं काढलीत. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पहिला मृत्यू झाला आणि इकडे सांगलीतही माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. तो स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१. लोकांच्या डोक्यात तेव्हापासून ‘ए’ दिसला की स्वाइन फ्लू, हे पक्कं बसलंय. एच३एन२ वेगळा, तो १९६८ पासून माणसांत फिरतोय. खरं तर २००९ चा एच१एन१ही आता दर पावसाळ्यातल्या साध्या फ्लूतच जमा झालाय. तो आता डुकरांमुळे नाही, माणसाकडूनच माणसाला होतो.

फ्लूच्या विषाणूचे प्रकार चार: ए, बी, सी, डी. डी मुख्यतः गुरांचा, सी म्हणजे जेमतेम सर्दी, त्यांना सोडा. बी मुख्यतः माणसांतच राहतो. ए मात्र पक्षी, डुकरं, घोडे सगळीकडे फिरून येतो, म्हणून जगभर पसरणाऱ्या महासाथी त्याच्याच.

एच आणि एन ही विषाणूच्या अंगावरची दोन प्रथिनं. एच म्हणजे कपड्याला चिकटणारं कुसळ, त्यानंच तो आपल्या पेशीला धरतो. एन म्हणजे कोयता: आत तयार झालेले नवे विषाणू तोडून मोकळे करणारा. ऑसेल्टामिव्हिर ही गोळी या कोयत्याची धार घालवते, म्हणून ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोग. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम नाही.

आता लस. कुसळाची ठेवण दरवर्षी थोडी थोडी बदलते, आपली प्रतिकारशक्तीही वर्षभरात उतरते. म्हणून लसही दरवर्षी नवी घ्यावी लागते, गेल्या वर्षीची यंदा पुरत नाही. घेऊनही फ्लू होतो, पण सहसा आजार बेताचा राहतो.

सासऱ्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. साठीपुढचे असतील, शुगर किंवा दमा असेल, तर रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टर गाठा, ४८ तास उलटले असले तरी. धाप लागली, ओठ निळे पडले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, रात्रीच ॲडमिट करा.